स्पेशल पथक यायच्या आधीची दहा मिनिटं

बेवारस बॅग पडलीय असा फोन आला की तिथं सगळ्यात आधी कोण पोचतं? बॉम्ब पथक नाही. पोचतो तो जवळपास गस्तीवर असलेला साधा पोलीस, त्याच्याकडे एक वायरलेस सेट असतो आणि ट्रेनिंगमध्ये कधीतरी ऐकलेलं बॉम्बवरचं एखादं लेक्चर असतं, बास. आता तो बॅगेला हात लावतो का, चेन उघडून आत डोकावतो का, बॅगेशेजारीच उभा राहून वायरलेसवर बोलायला लागतो का (काही प्रकारचे डेटोनेटर, म्हणजे बॉम्ब उडवणारा भाग, रेडिओच्या लहरींनीही उडू शकतात म्हणून आधी लांब जायचं आणि मग बोलायचं असा नियम असतो), लोकांना वीस पावलं मागं नेतो की पार पुढच्या वळणाच्या पलीकडे नेतो, या सगळ्यावर नंतर येणाऱ्या पथकाचं निम्मं काम ठरून गेलेलं असतं.

पोलिसांच्या स्पेशल युनिट्सबद्दल आपल्या डोक्यात जे असतं ते बहुतेक टीव्हीवरून आलेलं असतं, काळे कपडे, हेल्मेट, दोरावरून सरसर खाली येणारी माणसं. खरं काम बरंच संथ असतं आणि त्यातलं अर्धं तर वाट बघण्यात जातं. मला हा विषय समजून घेताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली आणि तीच इथं सांगायचीय, की पथक कितीही तयारीचं असलं तरी त्याच्या हातात काय उरतं हे आधी पोचलेला साधा पोलीस ठरवतो.

आधी हे वेगळं युनिट काढतात कशासाठी ते बघू. पोलीस ठाण्यातल्या माणसाला सगळंच करावं लागतं, भांडण सोडवा, चोरीची तक्रार घ्या, ट्रॅफिक बघा, हरवलेलं पोर शोधा. पण काही कामं अशी असतात की ती क्वचितच येतात, आणि आली की चुकायला दुसरी संधी नसते. बॉम्ब, ओलीस ठेवलेली माणसं, पाण्यात बुडालेली गाडी. महिन्यातून एकदा येणारं काम रोज करणाऱ्यासारखं सफाईनं करायचं तर त्याचा सराव मुद्दाम करत राहावा लागतो, म्हणून माणसं वेगळी काढतात. मोठ्या शहरात ही माणसं पूर्णवेळ तेच करतात. छोट्या ठिकाणी ते परवडत नाही, मग तिथं एरवी गस्त घालणारे किंवा तपास करणारेच लोक महिन्यातले काही दिवस सराव करतात आणि फोन आला की हातातलं टाकून निघतात, किंवा आजूबाजूची चार-पाच गावं मिळून एक पथक ठेवतात. पथक यायला वेळ लागतो तो यामुळे. कुणी घरी झोपलेलं असतं, कुणाला गाडीतून सामान काढून अंगावर चढवायचं असतं.

ही कल्पना तशी जुनी आहे. लंडनमध्ये १७९८ साली थेम्स नदीवर जहाजांतून होणाऱ्या चोऱ्यांसाठी पॅट्रिक कोल्हून आणि जॉन हॅरियट यांनी नदीचे वेगळे पोलीस उभे केले, म्हणजे शहराचे मेट्रोपॉलिटन पोलीस १८२९ मध्ये आले त्याच्याही आधी. पुढं १८४२ मध्ये त्या मेट्रोपॉलिटन पोलिसांत साध्या वेशातल्या डिटेक्टिव्हची शाखा निघाली तेव्हा त्यात फक्त ८ माणसं होती, एवढ्या मोठ्या शहराला!

आता ठशांचं बघा. समजा घरफोडी झालीय आणि टेबलावर काचेचा ग्लास आहे. बोटाचा ठसा म्हणजे बोटावरच्या रेषांनी सोडलेला घाम आणि तेलाचा अगदी पातळ थर, नुसत्या डोळ्यांना बहुतेक वेळा दिसत नाही. काचेवर मऊ ब्रशनं बारीक पावडर हलकेच फिरवली की ती त्या थराला चिकटते, मग पारदर्शक टेप लावून ठसा उचलून कार्डावर घेतात. कागदावर ही पावडर फारशी चालत नाही कारण घाम आत मुरलेला असतो, तिथं निनहायड्रिन नावाचं केमिकल वापरतात, त्याची घामातल्या अमिनो आम्लांशी प्रक्रिया होते आणि ठसा जांभळा होऊन वर येतो. प्लॅस्टिकची पिशवी असेल तर ती बंद पेटीत टांगतात आणि खाली सुपरग्लू गरम करतात, त्याची वाफ रेषांवर बसते आणि ठसा पांढरा दिसायला लागतो. आपण तुटलेला कप चिकटवतो तोच ग्लू बरं का! पण आधी पोचलेल्या पोलिसानं ग्लास उचलून बाजूला ठेवला, किंवा उकडतंय म्हणून खिडकी उघडली, बाथरूम वापरलं, दिव्याचं बटण दाबलं, तर वरची सगळी केमिस्ट्री त्याचेच ठसे शोधून देणार. म्हणून शहाणा पोलीस पहिली दोन कामं करतो, आत-बाहेर करायला एकच वाट ठरवतो, आणि दारात उभं राहून कोण किती वाजता आत गेलं याची यादी लिहायला लागतो. त्या यादीत त्याच्या साहेबाचंही नाव असतं, आणि साहेबाला उगाच आत येऊ नका म्हणणं हे सगळ्यात अवघड काम असतं असं मला वाटतं.

ठशांचा इतिहास आपल्याही जवळचा आहे. १८९२ मध्ये अर्जेंटिनात फ्रान्सिस्का रोहास नावाच्या बाईनं स्वतःच्या दोन मुलांना मारून शेजाऱ्यावर आळ घेतला होता, दारावरच्या रक्ताळलेल्या अंगठ्याच्या ठशानं ती सापडली, त्यामागं हुआन वुसेटिच यांची पद्धत होती. नंतर १८९७ मध्ये कलकत्त्याला फिंगरप्रिंट ब्युरो सुरू झाला. हजारो कार्डांतून एक कार्ड शोधायचं कसं हा खरा प्रश्न होता, त्यावर अझीझुल हक यांनी गणित मांडून सगळे ठसे १०२४ खणांत बसवले, हेमचंद्र बोस यांनीही या कामात मोठी भर घातली, आणि पद्धतीला नाव मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं लागलं. लंडनचा ब्युरो १९०१ चा, म्हणजे कलकत्त्यानंतरचा. हे शाळेत कुणी शिकवलं नाही याची मला खरंच खंत वाटते. आणि ठसा जुळला म्हणजे विषय संपला असंही नसतं, २००४ च्या माद्रिद रेल्वे स्फोटात अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेनं एक ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाचा म्हणून सांगितला, त्याला दोन आठवडे अडकवून ठेवलं, आणि स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवून दिलं. जुळवणारा शेवटी माणूसच असतो.

कुत्र्यांचं पथक सगळ्यांना आवडतं. पोलिसांसाठी कुत्री पद्धतशीर शिकवायला बेल्जियममधल्या गेंट शहरानं १८९९ मध्ये सुरुवात केली. एका कुत्र्याला साधारण एकाच प्रकारचं शोधकाम शिकवतात, स्फोटकं शोधणारा अमली पदार्थ शोधत नाही, आणि यामागचं कारण फार साधं आहे. कुत्रा बॅगेसमोर थांबला आणि त्याला दोन्ही शिकवलं असेल, तर हॅन्डलरनं, म्हणजे त्याला घेऊन फिरणाऱ्या पोलिसानं, काय समजायचं, बॅग उघडायची की पळायचं? म्हणून दोघांची विभागणी. शिवाय स्फोटकांचा कुत्रा वास आला की गपचूप खाली बसतो, भुंकत नाही, पंजा मारत नाही, का ते सांगायला नको. आणि त्याला यात मिळतं काय तर त्याचा आवडता चेंडू, एवढंच, त्याच्यासाठी हा सगळा चेंडूचा खेळ असतो.

चोर पळाला त्या वाटेनं कुत्रा जातो तेव्हा तो माणसाच्या अंगावरून सतत गळणाऱ्या त्वचेच्या कणांचा वास आणि पायाखाली चिरडलेल्या गवता-मातीचा वास घेत असतो. त्या वाटेवरून आधी दहा पोलीस धावले, पाठोपाठ बघे आले, तिथंच कुणी गाडी इंजिन चालू ठेवून उभी केली, की कुत्र्याला एका वासाऐवजी वासांचा बाजार मिळतो. मग लोक म्हणतात कुत्रा घुटमळला. बिचाऱ्याची काय चूक! शेवटचं कुठं दिसला ती जागा मोकळी ठेवणं, त्याची टोपी-चप्पल पडली असेल तर हात न लावता तशीच राहू देणं, हे आधी आलेल्याचं काम.

हॅन्डलरबद्दल एक सांगायलाच हवं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्रा आणि हॅन्डलर अशा १८ जोड्यांना एका इमारतीत शोध घ्यायला लावलं, हॅन्डलरना सांगितलं होतं की इथं माल, म्हणजे अमली पदार्थ किंवा स्फोटकं, असू शकतो आणि काही ठिकाणी लाल कागद लावून खूणही केली होती. प्रत्यक्षात कुठंच काहीच नव्हतं. एकूण १४४ फेऱ्यांपैकी फक्त २१ फेऱ्यांत कुत्र्यानं काही सापडल्याचं दाखवलं नाही. म्हणजे माणसाच्या मनातला संशय पट्ट्यातून, चालण्यातून, क्षणभर थबकण्यातून कुत्र्यापर्यंत पोचतो. म्हणून चांगल्या पथकात अशा चाचण्या घेतात जिथं हॅन्डलरलाही माल कुठं आहे ते माहीत नसतं.

पुन्हा त्या बॅगेकडे येऊ. बॉम्ब पथकाची माणसं शक्यतो बॅगेजवळ जातच नाहीत, आधी रोबो पाठवतात. असा रिमोटवर चालणारा पहिला रोबो १९७२ मध्ये ब्रिटिश लष्करानं उत्तर आयर्लंडसाठी बनवला, त्याचं नाव व्हीलबॅरो म्हणजे हातगाडी. रोबोच्या कॅमेऱ्यातून बघायचं, हलवता येईल असा एक्स-रे लावून आत काय आहे ते पाहायचं, आणि वायर कापत बसण्यापेक्षा बहुतेक वेळा पाण्याचा जबरदस्त झोत बंदुकीसारखा मारून वस्तूच्या चिंध्या करायच्या, इतक्या झपाट्यानं की सर्किटला काम करायला वेळच मिळत नाही. लाल वायर की निळी वायर हा प्रकार टीव्हीपुरता. रोबो जिथं पोचत नाही तिथं माणूस सूट घालून जातो, तो सूट ३५ ते ४० किलोचा असतो, आत भयंकर उकडतं, मान वळवणंसुद्धा कष्टाचं होतं. आणि बहुतेक फोन शेवटी कुणाच्या तरी विसरलेल्या कपड्यांच्या बॅगेचे निघतात, तरी दरवेळी तेच सगळं तितक्याच गांभीर्यानं करायचं. आधी पोचलेल्या पोलिसानं इथं आणखी एक लक्षात ठेवायचं असतं, सगळे पोलीस आणि गाड्या जिथं गोळा होणार ती जागासुद्धा आधी बघून घ्यायची, कारण दुसरा बॉम्ब तिथंच ठेवण्याचे प्रकार झालेत.

मला सगळ्यात जास्त भावतं ते ओलीस प्रकरणात बोलणाऱ्यांचं पथक. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये इस्रायली संघातले ११ जण आणि १ जर्मन पोलीस मारले गेले आणि जगभरचे पोलीस विचारात पडले की गोळीबाराशिवाय आपल्याला काही येतं का. जानेवारी १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये चार सशस्त्र दरोडेखोर खेळाच्या सामानाच्या दुकानात ओलीस घेऊन बसले, सुरुवातीलाच एक पोलीस मारला गेला होता, तरीही पोलिसांनी आत घुसायचं टाळलं. आपला माणूस गेलेला असताना थांबणं किती जड गेलं असेल! ४७ तास गेले, ओलीस छतावरून निसटले आणि चौघं शरण आले. हार्वी श्लॉसबर्ग नावाचे मानसशास्त्रात पीएचडी केलेले डिटेक्टिव्ह आणि फ्रँक बोल्झ यांनी याच काळात न्यूयॉर्क पोलिसांत वाटाघाटीचं पथक बांधलं.

हे काम चालतं कसं ते बघण्यासारखं आहे. बोलणारा एकटा नसतो, शेजारी दुसरा बसून ऐकत असतो आणि चिठ्ठ्या सरकवत असतो. बोलणाऱ्याला निर्णय घ्यायचा अधिकार मुद्दामच देत नाहीत, आणि अधिकार असलेला साहेब कधी फोनवर येत नाही. त्यामुळे "मला वरती विचारावं लागेल" हे वाक्य खरं असतं आणि दरवेळी वीस मिनिटं मिळवून देतं. आतला माणूस म्हणाला "आता माझं कुणीच राहिलं नाही", तर उपदेश करायचा नाही, फक्त "कुणीच राहिलं नाही?" एवढं म्हणून गप्प बसायचं, तो पुढं बोलतो. वेळ गेला की अंगातला जोर उतरतो, भूक लागते, झोप येते, आणि माणूस ऐकायला लागतो. हत्यारबंद पथक बाहेर तयार उभं असतंच (अमेरिकेत लॉस एंजेलिस पोलिसांनी १९६७ मध्ये स्वॉट नावाचं असं पथक सुरू केलं आणि पुढं ते सगळीकडे पसरलं), पण दोन्ही पथकं चांगली असतील तर बहुतेक वेळा दार फोडावंच लागत नाही. आधी आलेल्या पोलिसानं भलतं आश्वासन दिलं, "दहा मिनिटांत बाहेर ये नाहीतर" असं काही बोलून बसला किंवा घाईघाईत त्या माणसाच्या बायकोला फोनवर दिलं, की नंतर आलेल्याला आधी ते निस्तरत बसावं लागतं.

मात्र थांबणं हे दरवेळी बरोबर नसतं आणि इथं सगळ्यात महागडा धडा मिळालाय. १९९९ मध्ये अमेरिकेत कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला तेव्हा आधी आलेल्या पोलिसांनी शिकवल्याप्रमाणे बाहेर घेराव घालून स्वॉटची वाट बघितली, आत एक जखमी शिक्षक मदत पोचेपर्यंत काही तास तसेच पडून होते आणि वारले. त्यानंतर नियमच बदलला, आत कुणी माणसं मारत सुटला असेल तर पथकाची वाट बघायची नाही, जो पोचला त्यानं आत जायचं. तरीसुद्धा २०२२ मध्ये टेक्ससमधल्या उवाल्डेच्या शाळेत पोलीस ७७ मिनिटं थांबले, एकूण साडेतीनशेच्या वर पोलीस तिथं जमले होते, आणि १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. ओलीस प्रकरण आहे की कत्तल चाललीय हा फरक त्या दारापाशी उभ्या असलेल्या माणसानं ओळखायचा असतो. हे लिहितानाही हात थांबतो.

अपघात तपासणाऱ्या युनिटबद्दल कुणी फारसं बोलत नाही पण त्यांचं काम सुंदर असतं. रस्त्यावर टायर घासल्याचा काळा पट्टा ३० मीटर आहे असं समजा. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणाचा आकडा साधारण ०.७ धरतात. दोन गुणिले ०.७ गुणिले ९.८ (हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणिले ३०, याचं वर्गमूळ काढलं की सेकंदाला २० मीटरच्या थोडं वर येतं, म्हणजे ताशी ७३ किलोमीटर. आणि हा कमीत कमी वेग, कारण पट्टा संपताना गाडी धडकली असेल तर त्या वेळचा उरलेला वेग वेगळा. ड्रायव्हर म्हणत असेल मी पन्नासनंच होतो तर रस्ता त्याला उत्तर देतो. जुन्या पद्धतीच्या बल्बमध्ये तर आणखी गंमत, धडकेच्या क्षणी दिवा चालू असेल तर तापलेली तार झटक्यानं ताणली जाते आणि वेडीवाकडी होते, बंद असेल तर थंड तार तशी ताणली जात नाही. "दिवे लावले होते" हे खरं की खोटं ते एवढ्याशा तारेवरून कळतं. पण ट्रॅफिक तुंबलाय म्हणून गाड्या आधीच बाजूला ओढल्या, रस्ता धुतला, की मोजायला काही राहत नाही. खडूनं चाकांच्या जागा आखून, चार फोटो काढून मग गाड्या हलवायला पाच मिनिटं पुरतात.

मोबाईलचंही तसंच, जप्त केलेला फोन चालू असेल तर उत्सुकतेनं त्यातले मेसेज चाळत बसायचं नाही, नेटवर्कपासून तोडायचा आणि सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत घालून सायबरवाल्यांकडे द्यायचा, नाहीतर कुणी लांबून सगळं पुसून टाकेल.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या पोलिसांनी १९८८ मध्ये एक फार शहाणं काम केलं होतं, मानसिक आजार असलेला एक माणूस आदल्या वर्षी पोलिसांच्या गोळीनं गेला होता, त्यानंतर त्यांनी गस्तीवरच्याच पोलिसांपैकी इच्छुकांना ४० तासांचं वेगळं ट्रेनिंग दिलं, म्हणजे मानसिक त्रासात असलेल्या माणसाकडे जाणारा पहिला पोलीसच जाणकार असावा. ही पद्धत मेम्फिस मॉडेल म्हणून पुष्कळ ठिकाणी उचलली गेली. आणि त्याच मेम्फिसनं २०२१ मध्ये रस्त्यावरचे गुन्हे कमी करायला स्कॉर्पियन नावाचं आक्रमक पथक काढलं, त्यातल्या पोलिसांनी जानेवारी २०२३ मध्ये टायर निकोल्स या तरुणाला इतकं मारलं की तो दगावला, आणि पथक त्याच महिन्यात बंद करावं लागलं. अमेरिकेतल्याच बाल्टिमोर शहराचं बंदुका पकडणारं पथकही असंच, २०१७ मध्ये त्यातल्या पोलिसांवरच लोकांना लुबाडल्याचे गुन्हे लागले. मला यात फरक दिसतो तो असा, की ठसे, बॉम्ब, वाटाघाटी या पथकांना काम बाहेरून येतं आणि त्यांनी काय केलं ते तपासता येतं. "जा, गुन्हेगार शोधा, आकडे आणा" एवढंच सांगून सोडलेल्या पथकाकडे वेगळी विद्या नसते, फक्त वेगळी मोकळीक असते. तिथं वरच्या माणसानं रोज लक्ष घातलं पाहिजे.

शेवटी लहान मुलांवरच्या अत्याचाराचा तपास करणारं युनिट, कारण आधी पोचलेल्या पोलिसाचं महत्त्व इथं सगळ्यात जास्त आहे. मुलाला तेच तेच पाच जणांनी विचारलं की मूल थकतं, घाबरतं, आणि मोठ्यांना काय ऐकायचंय ते हेरून तसं बोलायला लागतं. कोर्टात मग पहिला प्रश्न येतो, हे मुलाला कुणी पढवलं? आइसलँडनं १९९८ मध्ये यासाठी बार्नाहुस म्हणजे मुलांचं घर काढलं, घरासारख्या खोलीत एकच शिकलेला माणूस मुलाशी बोलतो आणि पोलीस, वकील, डॉक्टर दुसऱ्या खोलीतून बघतात, म्हणजे मुलाला परत परत सांगावं लागत नाही. प्रश्नही मोकळे असतात, "काय झालं ते सांग", "मग पुढं?" एवढेच. "त्यानं तुला हात लावला ना?" असा प्रश्न विचारायचा नसतो.

पण त्या खोलीपर्यंत मूल जायच्या आधी ठाण्याच्या बाकावर एक पोलीस त्याच्यासमोर असतो. त्यानं काय झालं ते मोठ्या माणसाला बाजूला नेऊन, मुलाच्या कानावर पडणार नाही असं विचारायचं. मुलाला फक्त विचारायचं, कुठं दुखतंय का, पाणी हवंय का. आणि मूल आपण होऊन काही बोललंच तर अडवायचं नाही, पुढं खोदायचं नाही, त्यानं जो शब्द वापरला तोच शब्द, बोबडा असला तरी, जसाच्या तसा वहीत उतरवून शेजारी वेळ लिहायची.